पेन्सिल, दूध आणि थुंकायची वाटी

बालवाडीच्या बाईंनी फाटकाशी थांबवलं. "तुमचा मुलगा पेन्सिल खातो हो." मी हसले. मुलं चघळतातच. "चघळत नाही, खातो. पाटीवरची पेन्सिल. काल स्वतःची संपवली आणि शेजारच्या मुलीची मागितली. तिनं दिली नाही म्हणून चावला तिला." मी तिथेच त्याला जीभ बाहेर काढायला लावली. पांढरीफटक.

घरी येईपर्यंत डोक्यात एकेक जुळायला लागलं. आमच्या जिन्याखालच्या भिंतीला ओल आहे. तिथले चुन्याचे पोपडे खालच्याच बाजूने कसे उडतात, हा पावसाळा सुरू झाल्यापासूनचा प्रश्न होता. तीन फुटांच्या वर भिंत धड होती.

घरात त्याला बंड्या म्हणतात. तेव्हा तो सव्वातीन वर्षांचा होता, वजन साडेबारा किलो. आम्ही कोल्हापूरचे. म्हणजे सासरचे कोल्हापूरचे, मी नाशिकची. इथे दूध हा अभिमानाचा विषय आहे. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढून देतात, फेसाचा ग्लास उभ्याउभ्या रिकामा करायचा. सासऱ्यांनी तरुणपणी तालीम केलेली. त्यामुळे पोरगं जेवत नसलं तरी दूध पितंय ना, मग काळजी नाही, असा घराचा एकूण हिशोब होता. खोटं कशाला बोलू, माझाही तोच होता.

वर्षाचा होईपर्यंत बंड्या सगळं खायचा. मऊभात-मेतकूट, नाचणीची पेज, केळं, वरणात कुस्करलेली चपाती. दीड वर्षानंतर एकेक दार बंद होत गेलं. आधी भाज्या गेल्या, मग उसळी, मग वरणात फोडणीची मोहरी दिसली तर वरण. तीन वर्षांचा होईपर्यंत यादी उरली ती अशी: पांढरा भात, चपातीचा मधला मऊ भाग, बिस्किटं, बटाट्याच्या काचऱ्या, नूडल्स, केळं, दूध. सासूबाईंनी दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, बंड्या तसाच.

जेवण भरवणं हा सव्वा तासाचा कार्यक्रम असायचा. चिऊचा घास, काऊचा घास हे आमच्या वेळचं. आता चिऊही मोबाईलमध्ये आणि काऊही. त्याचं तोंड उघडं, डोळे स्क्रीनवर, सासूबाईंचा हात यंत्रासारखा वरखाली. बॅटरी संपली की घास गालात तसाच. मधे एका ठिकाणी भूक वाढवायचं औषध लिहून मिळालं होतं. त्यानं तो दुपारी गाढ झोपायला लागला आणि पंधरा दिवस बरा जेवला. औषध संपलं, जेवण संपलं. ते नुसतं भूक चाळवणारं असतं, मूळ दुखणं जागच्या जागी राहतं, हे मला त्या वेळी कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पेन्सिलीनंतर आम्ही दुसऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "दूध किती पितो?"

मी जरा ताठ बसून म्हणाले, "दूध मात्र भरपूर पितो हं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भरपूर म्हणजे किती मिलि? तीन दिवस लिहून आणा. तोंडात जाईल ते सगळं, वेळेसकट. बिस्किटाचा तुकडासुद्धा." आणि रक्ताची तपासणी लिहून दिली.

ती तीन दिवसांची वही माझ्याकडे अजून आहे. मंगळवारचं पान: सकाळी साडेसहाला अंथरुणातच बाटलीभर दूध, २४० मिलि, त्यात साखर आणि चॉकलेटची पावडर. आठला चार बिस्किटं. साडेनऊला शाळेच्या रिक्षात बसताना केळं, अर्धं. अकराला डब्यातली जॅम-चपाती, दोन घास. साडेबाराला घरी आल्याआल्या दूध, कारण 'दमून आलंय लेकरू'. दीडला जेवण: भात चार घास, मोबाईल चाळीस मिनिटं. साडेतीनला उठल्यावर दूध. चारला आजोबांबरोबर खारी. पाचला शेजारच्या काकूंकडे चिवडा. सहाला बिस्किटं दोन. आठला जेवण: काही नाही, रडारड. नऊला झोपताना दूध, 'उपाशी कसं झोपवायचं'.

सकाळी साडेसहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकदाही दोन तासांच्या वर खाण्यात खंड नव्हता. आणि चार बाटल्या म्हणजे नऊशे मिलिच्या वर दूध. म्हशीचं दूध शंभर मिलिला साधारण शंभर कॅलरी देतं. या वयाच्या मुलाला दिवसाला लागतात अकराशे-बाराशे. म्हणजे बंड्याचं जेवण दुधातच झालेलं असायचं आणि आम्ही जेवलेल्या माणसासमोर पुन्हा ताट घेऊन बसत होतो. 'याला भूकच नाही' असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. भूक होती की. आम्ही ती लागू देत नव्हतो.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. या वयाला निदान ११ हवं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तर तळाला. लाल पेशी लहान आणि फिक्या. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारातही पेशी अशाच दिसतात म्हणून ती चाचणीही करून घेतली. ती निर्धोक निघाली. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, आणि पोट भरल्यामुळे लोह असलेलं काही खाल्लं जात नाही. तिन्ही बाजूंनी कोंडी. पेन्सिल, चुना, माती खावीशी वाटणं हे लोह कमी पडल्याचं जुनं आणि ओळखीचं लक्षण आहे. रात्री झोपेत पाय झाडणं, दिवसभर किरकिर, एका जागी न बसणं, यांचाही लोहाशी संबंध असू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या. पण लगेच हेही म्हणाल्या, "लोह दिलं की मूल शहाण्यासारखं वागायला लागतं असं काही नाही. जेवढं लोहामुळे होतंय तेवढंच जाईल."

मी म्हटलं, आमच्या घरात काय कमी आहे हो? त्यांनी शांतपणे सांगितलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६९ मुलं ॲनिमियात, म्हणजे रक्त कमी असलेली, सापडली. "गरिबाघरची असतात, तशी तुमच्याआमच्या घरचीही असतात. तिकडे मिळत नाही, इकडे दूध-बिस्किटात अडकतात."

घरी आल्यावर खरा प्रसंग. मी सांगितलं, दूध चारशे मिलिवर आणायचं, तेही कपाने. सासूबाई पोळपाटासमोर बसल्या होत्या. लाटणं थांबलं. "पोरगं खात नाही म्हणून दूध तरी देतोय मी. तेबी बंद?" (कोल्हापूरच्या बायका 'मी देतो, मी जातो' असं म्हणतात, लग्न होऊन आले तेव्हा मला गंमत वाटायची.) मी म्हटलं, बंद नाही आई, कमी. त्या म्हणाल्या, "तुमच्या नाशकात करा असले प्रयोग." नवरा पेपरात तोंड घालून बसला. त्याला मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दूध एकदम तोडलं नाही. पहिल्या आठवड्यात दुपारची साडेबाराची बाटली गेली, तिच्या जागी लगेच जेवण. दुसऱ्या आठवड्यात साडेतीनची. झोपतानाची बाटली सगळ्यात अवघड. तीन रात्री तो 'बाबली, बाबली' करून रडला, चौथ्या रात्री कपातलं दूध संध्याकाळीच पिऊन, दात घासून, पाठीवर हात फिरवत झोपला. बाटल्या मी माळ्यावर टाकल्या. सासूबाईंनी एक काढून ठेवलीय हे मला माहीत होतं. गव्हाच्या डब्यात होती.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. तीन जेवणं, दोन खाणी, मधे फक्त पाणी. शेजारच्या काकूंना, रिक्षावाल्या मामांना, आजोबांना, सगळ्यांना हात जोडून सांगितलं. आजोबांची खारी सोडवणं हे दूध सोडवण्याइतकंच जड गेलं, कारण ती आजोबांनाही हवी असायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात कठीण गेली. डॉक्टरांनी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं सूत्र सांगितलं: काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं. आपापल्या हद्दीत राहायचं. भरवायचं नाही, 'एकच घास' म्हणायचं नाही, कौतुकही नाही, धाक तर नाहीच. ऐकायला सोपं. पण ताटात भात, वरण, भेंडी, चपातीचा तुकडा वाढून, समोर बसून स्वतः जेवत राहायचं आणि आपलं पोरगं फक्त भाताची शितं मोजतंय हे बघायचं, याला काळीज लागतं. त्याच्या ओळखीचा एक तरी पदार्थ ताटात असलाच पाहिजे, हा नियम होता, म्हणून भात रोज. तिसऱ्या रात्री तो तीन घास खाऊन 'झालं' म्हणाला आणि उठला. सासूबाईंचे डोळे भरले. मी स्वयंपाकघराचा दिवा बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सकाळी सात वाजता तो स्वतः ओट्यापाशी येऊन म्हणाला, "आई, पोट दुखतंय." मी घाबरले. पोटावर हात ठेवला तर गुडगुड वाजत होतं. भूक लागली होती. ती कशी असते हे त्याला माहीतच नव्हतं, त्याला वाटलं दुखतंय. त्या दिवशी त्यानं दोन घावनं खाल्ली.

लोहाच्या औषधाचं थोडं सांगते, कारण नेमकं इथेच लोक सोडून देतात. दुसऱ्या दिवशी शी काळी झाली. सांगितलेलं होतं तरी पोटात गोळा आला. दात काळे पडू नयेत म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं आणि वर पाणी. दुधाबरोबर बिलकूल नाही. आम्ही मोसंबीच्या रसाबरोबर द्यायचो, 'क' जीवनसत्त्वानं लोह चांगलं लागतं. मधे शी कडक झाली, आणि शी अडली की पोराचं खाणं पुन्हा अडलं; तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा दोनदा विभागली, पाणी वाढवलं. बाटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. गोड लागतं म्हणून मुलानं एकदम पिऊन टाकलं तर हे औषध जिवावर बेतू शकतं. जंताची गोळी शाळेत १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनालाच मिळाली होती.

आता थुंकायची वाटी. ही कल्पना माझी नाही, डॉक्टरांच्या तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीची. ती म्हणाली, नवीन पदार्थ तोंडात घालायला मुलं घाबरतात, कारण एकदा घातला की गिळावाच लागतो असं आपण त्यांना शिकवलेलं असतं. बाहेर यायचा रस्ता ठेवा. म्हणून ताटाशेजारी एक छोटी स्टीलची वाटी. चाखायचं, नको वाटलं तर तिच्यात टाकायचं, कोणी काही बोलायचं नाही. बंड्याला ही वाटी जेवणापेक्षा आवडली. मटकीची उसळ पहिल्यांदा त्यानं नुसती बोटानं ढकलली. दुसऱ्या वेळी वास घेतला. मग एक मटकी जिभेवर ठेवली आणि 'फू' करून वाटीत. सासरे म्हणाले, "आमच्या लहानपणी असं केलं असतं तर..." मी नुसतं बघितलं, त्यांनी वाक्य पोटात घातलं. कॅलेंडरवर मी प्रत्येक वेळी 'म' लिहीत गेले. मुलाला नवीन चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते असं सांगतात. आपण तिसऱ्या वेळेला 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. अकराव्या 'म'ला त्यानं चमचाभर मटकी खाल्ली. वाटी रिकामी होती.

लपवून खायला घालायच्या युक्त्यांबद्दल माझं मत वाईट आहे. मी एकदा बीट किसून चपातीच्या कणकेत घातलं. त्यानं गुलाबी चपातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे बारा दिवस पांढरी चपातीसुद्धा उलटीपालटी करून तपासून मग बाजूला ठेवली. होता तो एक भरवशाचा पदार्थही मी हातानं घालवला.

त्यापेक्षा त्याला काय खुपतं ते बघितलेलं बरं. आमच्या लक्षात आलं की त्याला चवीपेक्षा गिळगिळीतपणा नको असतो. भेंडी चिरून रसरशीत केली की ओकारी. तीच पातळ उभी कापून लोखंडी तव्यावर कुरकुरीत केली की हातानं उचलून खातो. थालीपिठाची कड खातो, मधलं माझ्या ताटात येतं. पोह्यांवर लिंबू पिळलेलं चालतं. सासूबाई हळिवाचे लाडू करतात, बाळंतिणीचे म्हणून. हळिवात लोह चांगलं असतं, सुपारीएवढा लाडू खाण्याच्या वेळी द्यायला लागलो. रविवारी मटण असतंच. पांढरा रस्सा तो वाटीनं प्यायचा आणि घरचे खूश व्हायचे, पण रश्श्यात लोह ते किती, ते फोडीत. मग खिमा सुरू केला, आणि कलेजीचा बोटाएवढा तुकडा, तव्यावर परतून. तो त्याला 'चॉकलेट मटण' म्हणतो. कोणी सांगितलं कुणास ठाऊक.

वागण्याचं काय झालं? बालवाडीतलं चावणं साधारण साडेअकराच्या सुमाराला व्हायचं, हे बाईंनीच एकदा वही बघून सांगितलं. सकाळी गोड दूध आणि बिस्किटं, मधे काही धड नाही, म्हणजे त्या वेळी पोर नुसतं चिडलेलं. न्याहरीला घावन, धिरडं किंवा अंडं आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी लावलेली चपाती गेल्यावर तो तास शांत झाला, तो औषधानं रक्त वाढण्याच्या कितीतरी आधी. पेन्सिल खाणं चौथ्या आठवड्यापर्यंत थांबलं. झोप तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुधारली. पूर्वी अंथरुणात गोल फिरायचा, आता सकाळी उशीवरच सापडतो. आणि मोबाईल बंद केला की जमिनीवर लोळण घेणं? ते आहे तसंच आहे. त्याला कुठलंही लोह लागू पडलेलं नाही.

साखरेवरून आमच्याकडे आणखी एक वाद झाला. वाढदिवसाहून आला की पोर उधळतं, ते केकमुळे, अशी नवऱ्याची ठाम समजूत. अमेरिकेत १९९४ मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला होता: सगळ्या मुलांना साखर नसलेलं पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चेकाळलेली दिसली. पुढच्याच वर्षी अनेक प्रयोग एकत्र तपासून निष्कर्ष निघाला की साखरेनं मुलं चेकाळतात याला पुरावा नाही. कृत्रिम रंगांचं मात्र थोडं वेगळं आहे. ब्रिटनमधल्या २००७ च्या अभ्यासात काही रंगांचा काही मुलांवर परिणाम दिसला आणि युरोपात २०१० पासून अशा पदार्थांवर सूचना छापावी लागते. नवऱ्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मग वीस पोरं, फुगे आणि रात्रीचे दहा, यामुळे उधळतो म्हणायचा." अगदी बरोबर म्हणाला. केक कमी खावा तो दातांसाठी.

एका महिन्यानं हिमोग्लोबिन ९.७. तीन महिन्यांनी ११.५. 'आला नॉर्मलला' म्हणून मी औषध बंद करणार होते, डॉक्टरांनी थांबवलं. रक्त भरलं तरी साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. ज्या मुलांचं वजन घसरतंय, ज्यांना गिळताना ठसका लागतो, किंवा ज्यांची यादी मोजक्या पदार्थांवर येऊन तीही घटतेय, त्यांनी घरी असले प्रयोग करत न बसता आधी दाखवावं, हेही त्या म्हणाल्या. 'भूक लागली की खाईल' हे त्या मुलांना लागू होत नाही.

सासूबाईंचं मात्र मला उशिरा कळलं. भरवणं हे त्यांचं काम होतं, सव्वा तास नातू त्यांच्या मांडीवर असायचा. आम्ही ते एका दिवसात काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही. त्या रुसल्या ते दुधासाठी नव्हे. मग त्यांनीच वाट काढली. भाजी निवडायला त्याला शेजारी बसवायला लागल्या. मेथीची पानं तो खुडतो, गवारीच्या शिरा काढतो, निम्म्या चुकीच्या.

डिसेंबरात मटार आला. दोघं गच्चीवर उन्हात पेपर पसरून बसले होते. मी कपडे वाळत घालत होते. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात टाकायचे. बंड्या फोडत होता, पण पातेल्यात आवाज येत नव्हता. बघितलं तर गाल फुगलेले. हिरवं काही ताटात दिसलं तर ताट सरकवणारा पोरगा कच्चे मटार मुठीनं खात होता. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. थोड्या वेळानं त्याच ओरडल्या, "अरे, भाजीला ठेव की मुडद्या!"

रात्री मटार-बटाट्याची भाजी केली. त्यानं त्यातला एकेक मटार वेचून थुंकायच्या वाटीत ठेवला आणि बटाटा खाल्ला.